साक्रिस्तानचा डावा पाय

दोरांमधून आधी डावा पाय आत आला आणि एवारिस्तोच्या हातातला बियरचा कागदी पेला कलंडला. अर्धी बियर त्याच्या पँटवर, अर्धी शेजारच्या नेमेसिओच्या बुटावर. रविवारची संध्याकाळ, पाच वाजून गेलेले, अरेना बऱ्यापैकी भरलेलं. काळ्या मुखवट्यावर पांढरी मेणबत्ती शिवलेला साक्रिस्तान रिंगमध्ये शिरून चारी बाजूंना हात उंचावत होता, गेली चाळीस वर्षं उंचावत आला होता तसाच. लोक शिट्ट्या मारत होते, त्याच्या आईचा उद्धार करत होते. सगळं रीतसर चाललं होतं. फक्त पाय डावा होता.

"प्यायची नसेल तर सांगा की कोम्पाद्रे," नेमेसिओ म्हणाला, "बुटाला कशाला पाजता?"

"हा तो नाही."

"कोण नाही?"

"साक्रिस्तान. साक्रिस्तान उजवा पाय आधी टाकतो. जन्मात कधी त्यानं डावा टाकलेला नाही."

नेमेसिओच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याला रिंग म्हणजे उजेडाचा चौकोन आणि त्यात हलणारे रंग, एवढंच दिसायचं. तरी दर रविवारी तिकीट काढून तो एवारिस्तोच्या डाव्या हाताला बसायचा आणि एवारिस्तो सांगेल ती कुस्ती बघायचा. "टाकला असेल आज डावा," तो वैतागून म्हणाला. "तुम्ही काय सकाळी पलंगावरून कुठला पाय खाली ठेवायचा ते पाद्रीबाबाला विचारून ठरवता? सांगा पुढे. मेला काय करतोय आता?"

"ओ आजोबा, खाली बसा की!" मागून एक बाई ओरडली. तेव्हा एवारिस्तोला कळलं, की आपण उभे आहोत. तो बसला. पँट मांडीला चिकटली होती. त्यानं नेमेसिओला पुढची कुस्ती सांगितली, पण त्याच्या तोंडून शब्द येत होते ते जुन्या रविवारचे. रिंगमधला माणूस वेगळंच काहीतरी करत होता. मानेला हिसका देत होता, दोरावरून उड्या मारत होता. साक्रिस्तान आणि उड्या! देवा रे. तीन हजार माणसं त्याला साक्रिस्तान म्हणून शिव्या देत होती, आणि तो साक्रिस्तान नाही हे त्या तीन हजारांत एकट्या एवारिस्तोला ठाऊक होतं. एवढ्या गर्दीत इतकं एकटं वाटू शकतं हे त्याला सत्तराव्या वर्षी कळलं. बायको गेली त्या दिवशीसुद्धा असं नव्हतं वाटलं. त्या दिवशी निदान सगळ्यांना एकच गोष्ट माहीत होती.

डोळा चुकणं शक्य नव्हतं. डोळ्यावरच तर जन्म काढलेला. एकेचाळीस वर्षं त्यानं फरशांच्या कारखान्यात निळ्या रंगाची फुलं काढली, आणि तिथे पन्नास माणसं एकाच नमुन्याचं तेच फूल काढायची. पण एवारिस्तोसमोर भाजून आलेली फरशी धरली, की तो नुसत्या पाकळीच्या टोकावरून सांगायचा, ही सेवेरोची, ही त्या डावखुऱ्या पोरीची, आणि ही कुणी काढली ते माहीत नाही, पण काढताना त्याचं पोट बिघडलेलं होतं. मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावून ही गंमत दाखवायचा. त्याला उस्ताद म्हणायचे ते काही उगाच नाही. मग साक्रिस्तानचं शरीर त्यानं किती वर्षं पाहिलं होतं! एकोणऐंशी सालापासून. नुकतंच लग्न ठरलेलं, आणि त्यानं रेफुहिओला, म्हणजे कुकाला, पहिल्यांदा कुस्तीला आणलं तेव्हापासून. तिसरी रांग, रिंगच्या कोपऱ्याला लागून. कुकाच्या आईनं आयुष्यभर चर्चमधली वस्त्रं धुतली, इस्त्री केली. आणि इथे बघावं तर चर्चमध्ये मेणबत्त्या लावणाऱ्या सेवकाचं सोंग घेऊन एक धटिंगण येतो, गुडघे टेकून छातीवर क्रूस काढतो आणि पंचाची पाठ वळली रे वळली, की समोरच्याच्या डोळ्यात बोटं घालतो! कुकाला तो स्वतःचा अपमान वाटला. तोवर मान खाली घालून भोपळ्याच्या बिया सोलणारी ती पोरगी ताडकन उठली आणि तिनं असा काही आवाज लावला, की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. "मेणबत्तीचोरा! देवाच्या घरचं खातोस आणि हे धंदे करतोस होय रे मुडद्या!"

एवारिस्तो तिच्या प्रेमात खरा पडला तो त्या क्षणाला. तोवर नुसतं लग्न ठरलं होतं.

तो स्वतः रूदोंच्या बाजूचा, म्हणजे नियम मोडून लढणाऱ्यांच्या. ती नियमवाल्यांच्या बाजूची. दोघं एकमेकांना चिकटून बसायचे आणि दोन तास एकमेकांच्या विरुद्ध ओरडायचे. त्याचं म्हणणं सरळ होतं. नियमानं लढणारे ते सगळे तेल लावलेले गोंडस पोरगे, टाळ्यांवर जगणारे. रूदोला टाळी नाही, हार नाही, पोरी नाहीत. तो बापडा शिव्या खातो आणि आपलं काम चोख करतो. काम म्हणजे जमिनीवरची कुस्ती. पकड, पेच, मनगट धरलं की खांद्यापर्यंत कळ गेली पाहिजे. तीन डावांची कुस्ती, पाऊण तास चालायची, आणि पहिला डाव तर निव्वळ एकमेकांची हाडं चाचपण्यात जायचा. आता काय? आता सगळे उडतात. दोरीवरचे कपडे वाऱ्यानं उडावेत तसा एकेक पोरगा हवेत, आणि खाली झेलायला दुसरा आधीच हात पसरून उभा. लोक हातात फोन धरून बघतात. फोनमधून बघायचं तर घरी बसा ना, इथे कशाला तडमडलात! आणि कुणी शहाणा म्हणाला, की उस्ताद, हे सगळं आधी ठरलेलं असतं, तर एवारिस्तो त्याच्याशी महिनाभर बोलत नसे. ठरलेलं असेल. पडल्यावर लागतं ते ठरवून लागतं काय?

चौऱ्याऐंशी साली कुकानं साक्रिस्तानला चप्पल फेकून मारली. नेम असा, की थेट मेणबत्तीवर. सगळं अरेना उभं राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं, आणि साक्रिस्ताननं ती चप्पल उचलली, तिचा वास घेतल्यासारखं करून नाक दाबलं आणि तशीच ती काखेत मारून आत निघून गेला. एक चप्पल घालून कुका बसस्टॉपपर्यंत लंगडत आली. एवारिस्तो म्हणाला, पाठीवर घेतो. ती म्हणाली, लाज वाटते का, रूदोच्या पाठीवर मी बसेन? पुढच्या रविवारपासून मात्र एक नेम पडून गेला. रिंगमध्ये चढण्याआधी साक्रिस्तान तिसऱ्या रांगेपाशी थांबायचा, तिच्यासमोर कमरेत वाकायचा, आणि मग उजवा पाय दोरातून आत. ती त्याच्या सात पिढ्या काढायची. घरी आल्यावर शांत, हसरी, सॉसमध्ये अंडी परतत गुणगुणणारी. मूलबाळ झालं नाही त्यांना. डॉक्टर झाले, नवस झाले, मग तो विषयही झाला. रविवार राहिले.

आणि आता चार वर्षांमागे कुका गेल्यावर, तिचा तो आवाज आठवणारी माणसं किती उरली होती? एवारिस्तोनं बोटावर मोजून पाहिलं होतं. जुने प्रेक्षक एकेक करून गेले. नेमेसिओ तर अलीकडचा, त्यानं कुकाला पाहिलंच नव्हतं. उरला एवारिस्तो, आणि उरला साक्रिस्तान. तिशीतली, बियांनी ओठ खारट झालेली, एका पायात चप्पल नसलेली कुका ज्यानं समोरून पाहिली असा जगात दुसरा एकच माणूस होता, आणि त्याचा चेहरा एवारिस्तोनं कधी पाहिला नव्हता, नाव ठाऊक नव्हतं. नसेना का. तो दर रविवारी रिंगमध्ये येतो, जिवंत आहे, एवढ्यावर एवारिस्तोचा आठवडा निघायचा. तो मेला असला तर? मुखवट्यातल्या माणसाच्या मरणाची बातमी छापून येत नाही. मुखवटा दुसऱ्याला मिळतो आणि रविवारी कार्यक्रम होतो. आपण कुणाचं सुतक धरायचं, कुठल्या थडग्यावर फूल ठेवायचं?

सोमवार गेला, मंगळवार गेला. काळे घेवडे शिजत घातले आणि करपवले. बुधवारी दुपारी त्यानं दाढी केली, चांगली टोपी घातली आणि तो बाजाराच्या मागच्या गल्लीत तोमासाच्या दुकानी गेला.

तोमासा मुखवटे शिवायची. आधी तिचा बाप शिवायचा. शहरातल्या अर्ध्या पैलवानांच्या डोक्याची मापं तिच्याकडे होती आणि त्यांचे चेहरेही तिनं पाहिलेले, पण त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. हा धंद्याचा धर्म. पैलवानाचा मुखवटा रिंगमध्ये उतरला तर उतरला, दुकानात उतरता कामा नये. एवारिस्तोला हे सगळं माहीत होतं आणि आपण जे विचारायला आलोय ते विचारू नये, हेही माहीत होतं. तो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"या उस्ताद," तोमासा मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "बसा. बाकावरचं ते मांजर ढकला खाली. बाई गेल्यापासून इकडे पाऊल नाही तुमचं."

"तोमासा, मी नाव विचारत नाही. चेहरा विचारत नाही."

"मग चांगलं आहे. मी सांगतही नाही."

"रविवारी साक्रिस्तान म्हणून कुणीतरी दुसराच आला होता."

मशीन थांबलं. तोमासानं चष्मा कपाळावर सरकवला. "बरं मग?"

"मग तो कुठे आहे? माझा साक्रिस्तान? आजारी आहे, का गेला? एवढंच सांग. मी अरेनात बोलणार नाही. बायकोची शपथ."

"बायकोची शपथ कशाला घालता," ती म्हणाली, आणि दोरा तोडून तिनं काम बाजूला ठेवलं. "नाही गेला. पाठ दुखते म्हणून सोडलं त्यानं. गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतो. आता त्याच्या मावसभावाचा पोरगा आलाय. उड्या फार मारतो, नाही का? मीही म्हटलं त्याला."

एवारिस्तोनं मांजर खाली ढकललं आणि तो बाकावर बसला. जिवंत होता. गाड्या दुरुस्त करत होता. कुकाला ओळखणारा माणूस त्याच शहरात कुठेतरी तेलकट हातांनी पाना फिरवत होता. "पाठ दुखणारच," तो हसत म्हणाला, "चाळीस वर्षं म्हणजे काय! त्रेसष्ट-चौसष्टचा असेल आता."

"कोण?" तोमासा म्हणाली. "तो? अहो, तो पंचेचाळिशीचा नाही अजून." आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे, तुम्हाला... उस्ताद, मला वाटलं तुम्हाला बाईंनी सांगितलं असणार. निदान शेवटी शेवटी तरी."

अकरा वर्षांपूर्वी, तिनं सांगितलं. जे सांगू नये ते सांगून झालंच होतं, म्हणून मग सगळंच सांगितलं. साक्रिस्तान आठ महिने रिंगमध्ये आला नव्हता ना, गुडघ्याचं निमित्त करून? तो परत आलाच नव्हता. परत आला तो दुसरा. पहिल्याला यकृताचं दुखणं होतं, वर्षभरात तो गेला. त्याच्यासोबत पुरायचा मुखवटा तोमासानं स्वतः शिवला, मागे नाड्या न ठेवता, सलग शिवून टाकलेला, कारण तो आता काढायचा नव्हता. "आणि दुसरा आला त्याच्याच दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुमच्या बाई इथे आल्या. याच बाकावर बसल्या. म्हणाल्या, तोमासा, तो माझ्याकडे बघतच नाही ग. वाकतो, पण माझ्या डोक्यावरून मागे बघतो. आमचा मेणबत्तीचोर कुठे आहे? मी काहीच बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, रडायलाच लागल्या त्या. जाताना म्हणाल्या, एवारिस्तोला कळू देऊ नकोस. त्याचे रविवार जातील."

एवारिस्तो घरी चालत आला. बस पकडायचं त्याला सुचलंच नाही. अकरा वर्षं! आणि ती आठ महिन्यांची गैरहजेरी संपल्यावर यानंच तर अख्ख्या तिसऱ्या रांगेला शिकवलं होतं, बघा रे, गुडघा वाचवायला कसा बदललाय त्यानं आपला खेळ, उजव्यावर भार देत नाही, याला म्हणतात उस्तादी! उजवा पाय आधी टाकायची लकब त्या दुसऱ्यानं शिकून घेतली होती, तेवढीच. पाकळीच्या टोकावरून माणूस ओळखणारा डोळा! एवारिस्तोला स्वतःची अशी लाज वाटली, की रस्त्यातल्या कुणीतरी केलेल्या नमस्काराला त्यानं उत्तर दिलं नाही. आणि त्याच वर्षी कुका नऊ संध्याकाळी सलग जपमाळ करायला चर्चमध्ये गेली होती, कुणा वारलेल्या लांबच्या मावशीसाठी. घेवडे आपल्या हातानं गरम करून खावे लागले म्हणून तो कुरकुरला होता. कसली मावशी! तिला एकही मावशी नव्हती. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, आणि तेवढंही त्याच्या लक्षात आलं नाही.

मग हॉस्पिटलची आठवण आली, आणि तो पदपथावर उभाच राहिला. तीच एक आठवण तो चार वर्षं उशाशी घेऊन झोपत होता. कुकाचे शेवटचे दिवस होते. त्यानं तीन रविवार अरेनाच्या मागच्या दाराशी उभं राहून साक्रिस्तानला गाठलं, हात जोडले, टॅक्सीत घालून आणलं. काळा सूट आणि वर मुखवटा, सगळा वॉर्ड उठून बसलेला. साक्रिस्तान पलंगाच्या कडेला टेकला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सेन्योरा, चौऱ्याऐंशी सालच्या त्या चपलेनं अजून कपाळ दुखतं माझं." कुका हसली होती. किती दिवसांनी हसली होती. म्हणाली, "बरं झालं. दुसरीही मारायला हवी होती, मेणबत्तीचोरा." एवारिस्तो दाराशी उभा राहून रडत होता, की चला, त्याला आठवतं, हिला कुणीतरी लक्षात ठेवलं. आता त्याला आठवलं, की चपलेची गोष्ट टॅक्सीत आपणच सांगितली होती, साल आणि रांगेसकट, अगदी तोंड दुखेपर्यंत. चौऱ्याऐंशी साली तो पोरगा शाळेत होता. एकानं मुखवटा घातलेला, एक मरायला टेकलेली, दोघांनाही सगळं माहीत, आणि दोघं मिळून एवढं नाटक करत होते ते दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासाठी. त्याला टॅक्सीत बसवून एवारिस्तो वर आला तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली होती, "गुणी आहे हो. तुझ्यासाठी आला." त्याला वाटलं होतं औषधानं चुकून बोलली. तिची चादर सारखी करत त्यानं तिला सुधारलं होतं, "माझ्यासाठी नाही ग वेडे, तुझ्यासाठी."

घरी जाऊन तो स्वयंपाकघरात टोपी न काढता बसला. राग आला होता, खूप. सांगितलं असतंस तर काय मी मेलो असतो? आपल्या माणसाला असं वेड्यात काढतं कुणी? पण राग फार वेळ टिकला नाही, कारण मधूनच त्याला रविवार आठवायला लागले. साक्रिस्तान बदलल्यानंतरचे ते सात वर्षांचे रविवार. शेजारी बसून तो नेहमीसारखा ओरडत होता, आणि कुका उठून, गळ्याच्या शिरा ताणून, त्या अनोळखी पोराला मेणबत्तीचोर म्हणत होती. तिच्याकडे न बघणाऱ्या माणसाला. तीन हजारांत एकट्या तिला ठाऊक. परवा एक संध्याकाळही तो जे सोसू शकला नव्हता, पेला कलंडून, उभा राहून, हा तो नाही म्हणून ओरडला होता, ते तिनं सात वर्षं सोसलं होतं, त्याच्या खांद्याला खांदा लावून. आणि त्यानं तिला वळून कधी विचारलं नव्हतं, कुका, तुला बरं नाही का? तो आपला गुडघ्याबद्दल बोलत होता.

पुढच्या रविवारी तो गेला. जाऊ नये असं दुपारपर्यंत ठरवलं होतं. नेमेसिओ आधीच येऊन बसला होता, सेमिता, म्हणजे चीज भरलेली पावरोटी, खात, दोन्ही गालांना चीज लागलेलं. आठवडाभर त्यानं मनाला लावून घेतलेलं दिसत होतं. एवारिस्तो टेकतो न टेकतो तोच त्याचा हात चाचपडत बाहीवर आला.

"कोम्पाद्रे, खरं सांगा. माझी चेष्टा केलीत ना परवा? मला झोप नाही बघा. आंधळ्याला काय, कुणालाही उभं करा आणि साक्रिस्तान म्हणा. हाच एक तर उरलाय आमच्या काळातला. तो नसला, तर मी कशाला बसचे धक्के खात येऊ?"

बँड सुरू झाला. मुखवटा घातलेला तो पोरगा बोगद्यातून बाहेर आला आणि लोक शिट्ट्या मारायला लागले. तिसऱ्या रांगेपाशी तो थांबला नाही. त्याला कुणी ते सांगितलं नसावं.

"चूक माझीच," एवारिस्तो म्हणाला. "चष्मा पुसलेला नव्हता. तोच आहे."

"नक्की?"

"अहो, नक्की म्हणजे काय. मी ओळखणार नाही?"

"आईशपथ, जीव घेतलात तुम्ही!" नेमेसिओ खदखदून हसला, त्यानं सेमिता मांडीवर ठेवली आणि उजेडाच्या चौकोनाकडे तोंड करून, पण थोडं चुकीच्या दिशेला, एक सणसणीत शिवी हाणली. "मग सांगा ना! काय करतोय?"

एवारिस्तोच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. "वाकलाय," तो म्हणाला. "आपल्या रांगेपुढे येऊन, कमरेत वाकलाय."